थ्रॅश बँड मुरतो म्हणजे काय? 'क्वाड्रा'च्या निमित्ताने उत्तर

मला आलेल्या प्रश्नाचे दोन भाग होते. ब्राझीलच्या सेपल्टुरा या थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) बँडचा २०२०चा अल्बम 'क्वाड्रा' ऐकून सगळे 'बँड प्रगल्भ झाला' म्हणतात, म्हणजे फक्त वेग कमी केला का? आणि आपल्या बँडला तसं काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

आधी वेगाचं. वेग कमी झालेला नाही. पहिली तीन गाणी, म्हणजे 'आयसोलेशन', 'मीन्स टू ॲन एंड' आणि 'लास्ट टाइम', त्यांच्याच १९९१च्या 'अराइज' अल्बमनंतर लगेच लावून बघा, कुठेही धाप लागलेली ऐकू येणार नाही. ड्रमर एलॉय कासाग्रांदे तर 'अराइज' आला त्याच वर्षी जन्मलेला. वेग उतरवून मोठं होण्याचा रस्ता अमेरिकेच्या मेटॅलिका या थ्रॅश बँडने त्याच १९९१ साली घेतला होता: निर्माता बॉब रॉक, आटोपशीर गाणी, 'सॅड बट ट्रू'चं ट्यूनिंग अख्खा एक स्वर खाली. तो रस्ता वाईट नव्हता, पण वेगळा होता. सेपल्टुराने काम केलंय ते मांडणीवर.

पोर्तुगीजमध्ये 'क्वाड्रा' म्हणजे खेळाचं मैदान, आखलेल्या रेषांचं. अल्बमही तसाच आखलाय. डबल एलपीच्या चार बाजू असतात तशा चार बाजू, प्रत्येकीवर तीन गाणी, एकूण १२. पहिली बाजू जुन्या थ्रॅशची. दुसरी त्यांच्या 'रूट्स' अल्बमकडे (१९९६) झुकणारी, तालवाद्यांची आणि ग्रूव्हची, म्हणजे डोलायला लावणाऱ्या ठेक्याची. तिसरी वाद्यसंगीताच्या अंगाने जाणारी, तीत 'द पेंटाग्राम'मध्ये गायनच नाही. चौथी संथ आणि सुरेल. म्हणजे १९८४ला बेलो होरिझोंतेत सुरू झालेल्या बँडने आपल्या चारही सवयी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. एकाच गाण्यात सगळं कोंबलं नाही. माझ्या मते प्रगल्भता आहे ती इथे. दुसरी बाजू मला थोडी सैल वाटते, पण ती आवडीची गोष्ट.

ही आखणी एका रात्रीत आलेली नाही. त्यांचा २०१७चा अल्बम 'मशीन मसाया' आधी ऐका. निर्माता तोच, स्वीडनचा येन्स बोग्रेन. तिथे शीर्षकगीत संथ आहे आणि तेच सुरुवातीला ठेवलंय. थ्रॅश बँडसाठी हे धाडसच. 'क्वाड्रा'त तो संथपणा शेवटी गेला, आणि तोवर कान थकलेले असल्यामुळे तिथे तो जास्त लागतो. 'ॲगनी ऑफ डिफीट'मध्ये गायक डेरिक ग्रीन खर्जातली गर्जना बाजूला ठेवून सरळ गातो. शेवटच्या गाण्यात 'फार फ्रॉम अलास्का' बँडची गायिका एमिली बारेतो पाहुणी आहे.

एकच गाणं बारकाईने ऐकायचं असेल तर 'गार्डियन्स ऑफ अर्थ' घ्या, हेडफोन लावून. सुरुवात क्लासिकल गिटारने, मग तालवाद्यं, कोरस (समूहगायन), आणि त्यानंतर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा खरखरीत, फाटलेला आवाज. प्रत्येक थर यायच्या आधी जागा मोकळी केलेली आहे. कोरस भरात असताना गिटार काय करते आणि तो थांबल्यावर काय करते, एवढंच टिपून ठेवा. अर्धं उत्तर त्यात आहे.

आता तुमच्या बँडचं.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती मेट्रोनोम खाली आणण्याची. मिनिटाला २०० ठोक्यांचं गाणं १४०ला वाजवलं की ते जड होत नाही, नुसतं आळशी वाटतं. २००च ठेवा आणि स्नेअरची (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमची) जागा बदला. थ्रॅश बीटमध्ये प्रत्येक ठोक्याच्या मधल्या 'अँड'वर स्नेअर पडतो, मिनिटाला २०० वेळा. हाफ-टाइममध्ये, म्हणजे वेग तोच ठेवून ठेका निम्मा वाटेल अशा बीटमध्ये, तो चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडतो, मिनिटाला ५०. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) तोच असला तरी वजन चौपट होतं. चार किंवा आठ बारच (एक बार म्हणजे चार ठोके) असं करा, मग परत पळा. पूर्ण गाणंभर केलंत तर परिणाम जातो.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे ॲम्पवरची डिस्टॉर्शनची मात्रा. २००च्या वेगाला दोन सोळांश (पाव ठोक्याच्या) स्ट्रोकमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद असतात. गेन जास्त असला की पाम-म्यूटची (तळहाताने तार दाबून काढलेल्या आवाजाची) सुरुवात आणि शेवट एकमेकांत मिसळतात आणि घरघर उरते. डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन वेगळे टेक (रेकॉर्डिंग) वाजवून घ्या (कॉपी-पेस्ट नको, त्याने रुंदी येत नाही) आणि प्रत्येकावर गेन एकटा ऐकताना थोडा कमीच वाटेल इतका ठेवा. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास गिटारची.

रिव्हर्बही (आवाजाला दिलेली घुमणारी शेपटी) तसाच मारक. दोन सेकंदांच्या शेपटीत या वेगाला २६ स्ट्रोक बसतात, चिखल होणारच. लांब रिव्हर्ब क्लीन (डिस्टॉर्शन नसलेली) गिटार आणि कोरसपुरता ठेवा.

स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) किंवा कोरस घालणार असाल तर गिटारशी त्यांचं भांडण ३०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास होतं. ईक्यूने (आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करून) ते पूर्ण मिटत नाही. कोरस आला की गिटारने सोळांश सोडून लांब, घुमणारे कॉर्ड धरावेत, मिक्स निम्मं तिथेच सुटतं. कीबोर्डवर बसून आठ थर चढवण्याचा मोह होईल. दोन पुरे.

गिटार खाली उतरवून डीला ट्यून करत असाल तर तारांचा १०चा संच (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) बदलून जाड ११–५४ घ्या. ढिली तार जोरात मारली की सूर क्षणभर वर चढतो, आणि दोन गिटार असतील तर ते लगेच बेसूर ऐकू येतं. तारा बदलल्या की ब्रिजवर इंटोनेशन (गळ्यावर सगळीकडे सूर नेमका लागावा अशी जुळणी) पुन्हा लावायला विसरू नका.

स्टेजवर स्ट्रिंग्ज-कोरसचे हे थर बॅकिंग ट्रॅकवरून (आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरून) येणार, म्हणजे ड्रमरच्या कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) हवाच. क्लिकशिवाय वाजवायची सवय असलेले ड्रमर कोरसजवळ उत्साहात पुढे पळतात आणि ट्रॅक मागे राहतो. म्हणून सुरुवातीला एकाच गाण्यात ट्रॅक वापरा, आणि तो असा कापून ठेवा की चुकलं तर साउंडवाल्याने त्या ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली केला तरी गाणं चालू राहील.