चिठ्ठीवरचे ‘पुसा’ कोणते?

प्रश्न : मी वनस्पतिरोगशास्त्राचा विद्यार्थी आहे. बुरशीच्या जुन्या नमुन्यांच्या यादीत प्राप्तिस्थान म्हणून ‘पुसा’ हे नाव वारंवार येते. हे नमुने दिल्लीत गोळा केले असे समजावे का? – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी तारीख पाहावी. इंग्रज सरकारची शेती संशोधन संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली आणि तेथेच बुरशीशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी बुरशींचा संग्रह सुरू केला. आपल्याकडच्या तुरीच्या शेतांना ठाऊक असलेल्या मर रोगाच्या बुरशीला १९१० मध्ये शास्त्रीय नाव देणारे ते हेच. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतींची मोठी हानी झाली, १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली आणि गावाचे नावही तिच्यासोबत गेले. त्यामुळे त्याआधीच्या नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीवर ‘पुसा’ असेल, तर ते बिहारमधले गाव समजावे.

‘मुंबई इलाखा’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा अडचण अधिक मोठी होते, कारण त्या इलाख्यात पुणे, नाशिक यांच्याबरोबर धारवाड, अहमदाबाद आणि १९३६ पर्यंत सिंधही होता. अशा नमुन्याचे ठिकाण संग्राहकाच्या दैनंदिनीवरून किंवा प्रवासाच्या नोंदींवरूनच शोधावे लागते, आणि ते कष्ट घेण्याजोगे आहेत, असे मला मनापासून वाटते. आयर्लंडमधील दुष्काळाला कारण ठरलेल्या बटाट्यावरील करप्याचे उदाहरण घ्या. (तो रोगकारक काटेकोरपणे बुरशी नव्हे, पण त्याचे नमुने बुरशींच्या संग्रहातच जपले गेले.) लंडनजवळील क्यू आणि म्युनिक येथे ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातील वाळक्या पानांमधील रोगकारकाचा डीएनए संशोधकांनी वाचला आणि २०१३ मध्ये दाखवून दिले की, त्या रोगकारकाचा त्या काळचा वाण विसाव्या शतकात जगभर आढळलेल्या वाणाहून वेगळा होता. पाकिटांवर गाव आणि साल नसते, तर ती पाने कोणत्या साथीची साक्ष देतात हे ठरवताच आले नसते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. शक्य झाल्यास रीतसर परवानगी घेऊन तो अवश्य पाहावा. स्वतः तांबेऱ्याचे किंवा काणीचे नमुने घेताना गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि बुरशी कोणत्या वनस्पतीवर वाढली होती हे शेतातच लिहून ठेवावे. जुन्या नमुन्याचे ठिकाण नव्याने निश्चित झाले, तरी मूळ चिठ्ठीवर खाडाखोड करू नये. दुरुस्ती, तिचा आधार, आपले नाव आणि तारीख वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती शेजारी लावावी.