५ लाख ४० हजार किलोमीटर झालेली ४०७: इंजिनाचं काम काढायचं की नवा हप्ता घ्यायचा?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले. एका पानावर ग्रीसचा अंगठा उमटलाय आणि त्याच्या शेजारी 'क्लच प्लेट, पाटा १, यू-बोल्ट २' असं तारखेसकट लिहिलंय. गाडीचा हिशेब इतका नीट ठेवणारा मालक क्वचित भेटतो. त्यामुळे मला अंदाजानं बोलावं लागत नाही, तुमच्याच आकड्यांवर बोलता येतं.

बाकी वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. नारायणगावचा छोटा ट्रक, टाटा ४०७, नोव्हेंबर २०१२ चा, मीटरवर ५ लाख ४० हजार. टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशी मार्केट, सकाळी परत. येऊनजाऊन ३२० किलोमीटर. इंजिन ऑइल खातंय, सकाळी सुरू केली की निळा धूर, घाटात ओढ राहिली नाही. गॅरेजवाले इंजिनाच्या कामाचे १ लाख ५ हजार सांगतात. चुलतभावाला हाताशी घेऊन घरच्या अंगणात काम काढलं तर दादांच्या हिशेबानं ७० हजारांत होतं. शोरूमवाले म्हणतात, जुनी १ लाख ६० हजारांना द्या, वर ४० हजार भरा, उरलेले ९ लाख ४० हजार ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडा, हप्ता २०,४४०. आणि मेहुणे म्हणतात, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात काढतं, तिच्यावर पैसा घालू नका.

माझं उत्तर असं: गाडी ठेवा. इंजिनाचं काम काढा, पण जानेवारीत, आणि सगळं काम अंगणात नको. का, ते सांगते.

गाडीची किंमत दीड लाख आणि तिच्यावर ७० हजार घालायचे, हे पटत नाही असं तुम्ही लिहिलंय. असं बहुतेकांना वाटतं. पण गाडी तुम्ही विकायला ठेवलेली नाही, ती रोजीरोटी आहे. दुरुस्तीच्या बिलासमोर गाडीची किंमत ठेवून उपयोग नाही, त्याच्यासमोर हप्ता ठेवायचा. ७० हजार म्हणजे नव्या गाडीचे साडेतीन हप्तेसुद्धा नाहीत. साठ हप्त्यांचे मिळून १२ लाख २६ हजार होतात, त्यात व्याजच २ लाख ८६ हजार.

आता तुमची वही. मे ते ऑक्टोबर महिन्याला १८ फेऱ्या, डिझेल, टोल, हमाली, क्लीनर जाऊन ४५ हजार उरतात. नोव्हेंबर ते एप्रिल जेमतेम ७ फेऱ्या आणि १८ हजार. वर्षाचे ३ लाख ७८ हजार. घरखर्च महिन्याला २२ हजार, म्हणजे २ लाख ६४ हजार. गेल्या वर्षीची दुरुस्ती ६२ हजार, विमा-पासिंग-कर ३० हजार. हाती राहिले २२ हजार.

याच कमाईवर नवी गाडी बसवून बघू. सर्व्हिसिंगला २० हजार धरले. कर्ज आहे म्हटल्यावर फुल इन्शुरन्स लागेल, कागदपत्रांसह ४५ हजार. हप्ते २ लाख ४५ हजार. वर्षाची तूट १ लाख ९६ हजार. शोरूमवाल्यांवर अन्याय नको, म्हणून नव्या गाडीचा फायदाही धरते. तुमची गाडी साडेआठचं ॲव्हरेज देते, नवी दहाचं देईल म्हणतात. १५० फेऱ्यांचे ४८ हजार किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरलं, तर वर्षाला ७६ हजार वाचतात. हा मोठा आकडा आहे आणि तो खरा आहे. बंद पडल्यामुळे गेल्या वर्षी ९ फेऱ्या बुडाल्या, तेही २२,५०० परत आले असं समजा. तरी वर्षाला ९८ हजार कमी पडतात. आणि ते कमी पडणार फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा गाडी दारात उभी असते आणि हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही.

ही तूट भरायला वर्षाला ३३ फेऱ्या जास्त हव्यात, म्हणजे मंदीच्या सहा महिन्यांत दरमहा पाच-सहा. कुणा व्यापाऱ्यानं किंवा कंपनीनं हिवाळ्याचं काम तोंडी नाही, लिहून दिलं, तर माझं उत्तर बदलेल. गुजरातकडची भाडी मिळाली तरी ती या गाडीवर घेता येणार नाहीत. १२ वर्षांवरच्या साध्या, दोन एक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही. त्या कामासाठी नवीच गाडी लागेल. पण काम आधी, गाडी नंतर. गाडी घेतली की काम आपोआप येतं, या भरवशावर आमच्या भागात किती गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या, ते मी लहानपणापासून बघत आलेय.

शोरूममध्ये तुम्हाला 'व्याज आणि घसारा दाखवून टॅक्स वाचेल' असंही सांगितलं गेलं. ते तुमच्यासाठी नाही. मालवाहू गाड्यांच्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीत, म्हणजे ज्याला सगळे ४४एई म्हणून ओळखतात त्यात, तुमच्या आकाराच्या गाडीचं उत्पन्न महिन्याला ७,५०० धरतात. घसारा त्यातच धरलेला असतो, कर्जाचं व्याज वेगळं वजा होत नाही. शिवाय तुमच्या कमाईवर मुळात करच बसत नाही, मग वाचणार काय? जीएसटीचं मात्र ते बरोबर बोलले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. स्पेअर पार्टवरही आता १८ च आहे, म्हणजे दुरुस्तीलाही तोच फायदा.

मेहुण्यांची भीती दोन वेगळ्या नियमांची सरमिसळ आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवत नाहीत, आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न दिल्ली-एनसीआरचा आहे. आपल्याकडे खासगी मालवाहू गाडी पासिंगमध्ये टिकली तर चालते. तुमच्या गाडीला दरवर्षी पासिंग आहेच. पण वयाबरोबर फिटनेसचं शुल्क चढत जातं आणि नोव्हेंबर २०२७ ला गाडीला १५ वर्षं होतील. २०२६ च्या पासिंगला जाल तेव्हा पुढच्या टप्प्याचा आकडा आरटीओतून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

आता घरच्या कामाबद्दल. इथे मला जरा जास्त लिहायचंय.

तुमची गाडी जुनी आहे, हीच घरच्या कामाच्या दृष्टीनं जमेची बाजू आहे. तिच्यातलं ४९७ मॉडेलचं इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). पाना धरता येणाऱ्या माणसाला समजेल असं. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत सेन्सर, डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी, सायलेन्सरमधला फिल्टर, सगळं स्कॅनरवर चालतं. तिथे अंगणातल्या मिस्त्रीचा हात पोचत नाही. आज तुम्ही स्वतः ग्रीसिंग, फिल्टर, बेल्ट, क्लच, सेल्फ करता, त्याची मजुरी नवी गाडी घेतली की तुमच्या खिशातून जाणार. शोरूमच्या कागदावर ती दिसत नाही.

पण घरचं काम फुकटही नसतं. गॅरेजवाले आठ दिवसांत गाडी देतो म्हणतात, तुम्हाला घरी वीस दिवस लागतील असं तुम्हीच लिहिलंय. जुलैत वीस दिवस गाडी उभी राहिली तर १२ फेऱ्या गेल्या, म्हणजे ३० हजार. गॅरेजच्या आठ दिवसांत पाचेक फेऱ्या बुडाल्याच असत्या, त्या वजा केल्या तरी वाचवलेल्या ३५ हजारांतले निम्मे तिथेच संपले. जानेवारीत त्याच वीस दिवसांत फार तर पाच फेऱ्या बुडतील. म्हणून जानेवारी. तोवर रोज सकाळी डिपस्टिक बघा, ऑइल कमी असताना घाट चढू नका. क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) घासला तर ७० हजारांचा हिशेब पार कोलमडेल.

तुमच्या ७० हजारांत पार्ट ४८, लेथचं काम १२ आणि पंप-नोझल १० आहेत. क्रँक, हेड, बोअर मशीनवरच गेले पाहिजेत आणि पंप कॅलिब्रेशनच्या बाकावरच, हे तुम्ही धरलंयत, बरं झालं. त्यात आणखी १० हजार घाला आणि बेअरिंग बसवताना, टॉर्क देताना आणि टायमिंग लावताना एक जाणता मिस्त्री रोजावर बोलवा. खोलणं, धुणं, बाकीची फिटिंग तुम्ही दोघं करा. ब्रेक आणि स्टेअरिंग घरी उघडू नका. माळशेज उतरताना पावसात ते दोनच कामाला येतात.

आणि पार्ट आणण्याआधी एक काम. गाडी धुऊन पिटवर घ्या आणि चेसिस बघून घ्या. मागच्या पाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबर, बॉडीखाली टोमॅटोचं पाणी झिरपून गंज धरलेल्या जागा. तारेच्या ब्रशनं घासून हातोडीनं ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर माझा सगळा हिशेब बाजूला ठेवा. इंजिन नवं करता येतं, कुजलेल्या चेसिसवर मात्र ८० हजार घालू नयेत.

माझ्या वडिलांचाही ट्रक होता, १२१०. सगळं काम ते घरीच काढायचे. १९९४ च्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स उतरवताना मातीत जॅक खचला आणि गाडी त्यांच्या डाव्या पायावर आली. चार महिने ते खाटेवर, गाडी चिंचेखाली. ट्रकचा विमा होता, माणसाचा नव्हता. आईच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या परत आल्या नाहीत. म्हणून कळकळीनं सांगते: गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं संरक्षण तुम्ही गाडी चालवताना आणि चढता-उतरताना आहे. अंगणात गाडीखाली झोपून काम करताना त्याचा आधार धरू नका. काम काढण्याआधी वेगळी वैयक्तिक अपघात विमा पॉलिसी घ्या, ज्यात कामावर न जाता आल्याच्या आठवड्यांचेही पैसे मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे, तो बँकेत आजच सुरू करा. जॅकखाली जाड फळी, चेसिसखाली लोखंडी स्टँड, आणि फरशी असेल तिथेच काम. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवू नका.

पैसे कुठून? वहिनींचं गंठण ठेवायचा विचार लिहिलाय, तो सोडून द्या. डिसेंबरात आरडीचे ५२ हजार येतायत. या हंगामातले २८ हजार शिल्लक आहेत ते तसेच ठेवा. ८० हजार झाले. पतसंस्थेच्या दारात जायची गरज नाही.

काम झाल्यावर ॲव्हरेज नऊवर आलं आणि दुरुस्ती ३५ हजारांवर आली, बुडणाऱ्या फेऱ्या निम्म्या झाल्या, तर वर्षाला ८५ ते ९० हजार शिल्लक राहू शकतात. त्यातले ६० हजार वेगळ्या खात्यात टाका, हंगामात महिन्याला ८ हजार, मंदीत २ हजार. हंगाम तुमचा आहे, तर हप्ताही हंगामासारखाच ठेवा. मुलीचा डिप्लोमा दोन वर्षांत संपतोय, हॉस्टेलचे महिन्याचे ६ हजार तेव्हा सुटतील, तेही तिसऱ्या वर्षी त्याच खात्यात. तीन वर्षांत अडीच लाख होतात. गाडीचे लाखभर आले तर कर्ज ८ लाखांवर येईल, आजच्याच व्याजदरानं हप्ता १७,४००. हॉस्टेल सुटलेलं आणि हप्ता उतरलेला, म्हणजे आज ९८ हजारांनी कमी पडणारा हिशेब तेव्हा दहा हजारांनी वर राहतो. गाड्यांच्या किमती वाढतील, हे धरूनही तुमची बाजू आजच्यापेक्षा बळकट असेल.

मध्येच एखाद्या वर्षी टायर-बॅटरी सोडून दुरुस्ती ९० हजारांच्या वर गेली, किंवा हंगामात दोनदा भरल्या गाडीनिशी रस्त्यात थांबावं लागलं, तर तीन वर्षांची वाट बघू नका. क्रेट सडले की शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्याची गाडी लावतो, आणि ते नुकसान तुमच्या वहीत कुठेच लिहिलं जात नाही.

चेसिस बघून झाली की फोटो पाठवा. वेल्डिंग निघालं तर किती ठिकाणी आणि कुठे, तेही लिहा, म्हणजे त्यावरून पुढचं ठरवू.