ट्राउटचा पहिला मोसम: लांब फेकू नका, सेकंद मोजा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. सोळा वर्षांपूर्वी मला हेच विचारायचं होतं, फक्त मराठीत विचारायला कोणी नव्हतं. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, आता ब्रिटिश आर्मीत, रटलंडजवळच्या बराकीत. युनिटमधल्या सार्जंटने मासेमारी क्लबाच्या ट्राउट स्पर्धांना नाव द्यायला लावलंय. लहानपणी आजोबांबरोबर कृष्णेवर गळ टाकलाय, पण माशीने, म्हणजे पिसं-दोरा गुंडाळून किड्यासारख्या केलेल्या गळाने, मासा कधी धरलेला नाही. सामान काय घ्यावं, एप्रिल ते ऑक्टोबर नेमकं काय चालतं, आपलं हसं होईल का, आणि आजोबांचं शिकवलेलं काही उपयोगी पडेल का, हे तुमचे प्रश्न.

हसं होईल. सगळ्यांचंच होतं, ते सोडून द्या. मी वर्कशॉपमधला मेकॅनिक, देवगडकडचा. आमच्याकडे या उद्योगाला गरवणं म्हणतात, आणि खाडीवर गरवत वाढलेल्या माणसाला मासे काय शिकवायचे, अशा गुर्मीत मी गेलो होतो. पहिल्या दिवशी माझी माशी माझ्याच टोपीत रुतली. दुसऱ्या वेळी बोटीतल्या जोडीदाराच्या बाहीत. तो कर्नल होता.

तेवढ्यावरून सांगतो, बोटीत हुद्दा चालत नाही. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्याबरोबर आठ तास एका फळकुटावर काढायचे. ‘सर, सर’ करत बसलात तर तो बिचारा अवघडतो. पहिल्या नावाने हाक मारा, चहा विचारा, आणि तो फेकत असताना दोरी मागे कुठून जाते तिकडे लक्ष ठेवा.

सामानाचं थोडक्यात. रॉड आणि रीळ क्लबाकडून उसने मिळतात. इंग्लंडमध्ये रॉड लायसन्स लागतंच, ते स्वतःच्या नावाचं काढा. पोलराइज्ड चष्मा चांगला घ्या. पाण्यात दिसतं हा फायदा नंतरचा, आधी डोळे वाचतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही. आणि क्लबाची ॲडमिन इन्स्ट्रक्शन, म्हणजे स्पर्धेचं लेखी सूचनापत्र, आली की त्याच दिवशी साहेबाकडून रजेचं किंवा ड्यूटीचं पक्कं करून घ्या. मासा न मिळाल्याने जितक्या स्पर्धा हुकल्या नसतील तितक्या माझ्या कागद अडकल्याने हुकल्यात. माश्यांनी भरलेल्या डब्यांवर पैसे घालवू नका. दुकानातल्या निम्म्या माश्या माणसांना धरण्यासाठी बनवलेल्या असतात.

आता स्पर्धेची रीत. बहुतेक सामने मोठ्या जलाशयांवर होतात आणि पद्धत स्कॉटलंडमधल्या तळ्यांवरची, तिला लॉख-स्टाइल म्हणतात. बोट वाऱ्याला आडवी सोडायची, नांगर टाकायचा नाही. वारा पाठीवर घेऊन दोघांनी पुढे फेकायचं, तेही बसून. उभं राहून फेकलं की नियम मोडला. वारा जोराचा असेल तर ड्रोग सोडतात, म्हणजे पाण्यातली छत्री, तिने बोट रेंगाळते. माश्या कृत्रिमच, त्यांच्या आकाराला मर्यादा, एका दोरीवर तीन-चार. काही सामन्यांत मासे वजनाला आणायचे असतात, काहींत मोजून सोडून द्यायचे. सोडायचे असतील तर गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतात. मारायचा असेल तर डोक्यात घालायला छोटा सोटा असतो, त्याला इंग्रज मच्छीमार ‘प्रीस्ट’ म्हणतात, कारण शेवटचा संस्कार तो करतो. (हा विनोद तुम्हाला प्रत्येक मोसमात निदान दहा वेळा ऐकवला जाईल. हसा.)

या सगळ्यात नवा माणूस काय करतो? लांब फेकायला शिकतो. लॉनवर दोन महिने घाम गाळतो. मीही गाळला. पण सोळा मोसमांनंतर माझं मत असं आहे की ट्राउट लांब नसतो, खोल असतो. आणि नेमका किती खोल, हे ज्याला दिवसभर कळत राहतं तो जिंकतो.

कारण सांगतो. या जलाशयांतला ट्राउट उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर डॅफ्निया खातो. डॅफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू, टाचणीच्या डोक्याएवढी. तिला लख्ख उजेड सोसत नाही. ऊन पडलं की तिचे थवे खाली जातात, ढग आले की वर येतात, आणि मासे त्यांच्या मागे. म्हणजे सकाळी तीन फुटांवर असलेलं जेवणाचं ताट दुपारी बारा फुटांवर गेलेलं असतं. तुम्ही तीन फुटांवरच फेकत राहिलात तर कितीही लांब फेका.

आता हिशेब. बुडणाऱ्या दोऱ्या वेगवेगळ्या वेगाच्या असतात. सेकंदाला ३ इंच बुडणारी दोरी बारा फूट, म्हणजे १४४ इंच जायला ४८ सेकंद घेते. ७ इंचवाली साधारण २० सेकंदांत पोचते. फेकल्यावर मनात मोजायचं. पंधरापर्यंत मोजून ओढायला सुरुवात, पुढच्या वेळी वीस, मग पंचवीस. ज्या आकड्याला धक्का बसला तो लक्षात ठेवायचा आणि जोडीदाराला सांगायचा. हो, सांगायचा. वैयक्तिक सामन्यात तोंड बंद ठेवलंत तर मी समजू शकतो, पण कोअर-कोअरच्या, म्हणजे आर्मीच्या शाखांमधल्या, किंवा तिन्ही दलांच्या सामन्यात तुमच्याच संघातला माणूस शेजारच्या बोटीत उपाशी बसला तर तुमचे आठ मासे काय चाटायचेत?

माझी फजिती याचीच. एका मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात मी ढगाळ हवेत पृष्ठभागाजवळ झटपट मासे काढले. रात्री मेसमध्ये उद्याच्या कपाची जागासुद्धा ठरवून टाकली. बाजारात तुरी म्हणतात तसं. सकाळी आभाळ स्वच्छ. मी मात्र कालच्याच दोरीला, कालच्याच माशीला चिकटून. तीन वाजेपर्यंत शून्य. जोडीदार शांतपणे बुडती दोरी लावून बावीसपर्यंत मोजत होता, मला ओठ हललेले दिसायचे. त्याचे सहा झाले तेव्हा मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘तू विचारायची वाट बघत होतो.’

आता मोसम. एप्रिल-मेमध्ये बझरचं राज्य. बझर म्हणजे न चावणारी डासासारखी माशी. तिची अळी तळाच्या चिखलात राहते, अंगात हिमोग्लोबिन असल्याने लाल. मग कोष तरंगत वर येतो आणि पाण्याच्या कातडीखाली लटकतो. सॉमरसेटमधलं च्यू व्हॅली लेक यासाठी नावाजलेलं. तिथे बारीक, वार्निश केलेल्या काळ्या बझर जवळजवळ न हलवता सोडायच्या. ओढू नका. हात शिवशिवतात, तरी ओढू नका. यावर एक छान युक्ती आहे, तिचं नावच ‘वॉशिंग लाइन’: टोकाला फोमची तरंगणारी माशी, आणि तिच्या व तरंगत्या दोरीच्या मध्ये बझर लटकवायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. सगळे एकाच खोलीवर राहतात.

पहिला मासा मारलात तर त्याचं पोट बघा. लांब दांड्याचा मॅरो स्पून तोंडातून आत घालून फिरवला की ताजं जेवण बाहेर येतं. ते वाटीभर पाण्यात सोडून बघायचं. यापेक्षा खरी खबर कोणी देत नाही. मेसमधले तर नाहीच नाही.

जून बरा जातो. जुलै-ऑगस्टात मात्र पाणी तापलं की ट्राउटचे हाल होतात, कोमट पाण्यात प्राणवायू कमी. पृष्ठभाग वीस अंशांच्या वर गेला की पकडून सोडलेला मासाही पुष्कळदा वाचत नाही. अशा दिवसांत सामना पुढे ढकलला गेला तर कुरकुरू नका. याच काळात ब्लॉब नावाचा नारिंगी गोंडा बांधून लोक ढिगाने मासे काढतात. तो कशासारखाच दिसत नाही. जुने सदस्य त्याला शिव्या देतात आणि गुपचूप खिशात ठेवतात. माझ्या मते तो डॅफ्नियाचा पुंजका वाटत असावा, पण मासा काही बोलत नाही.

ऑगस्टअखेर वाऱ्याने लांब पायांच्या डॅडी माश्या पाण्यावर पडतात आणि एखादा आठवडा सगळ्यांना आपण उस्ताद वाटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठे ट्राउट काठालगत रोच आणि पर्च या माशांच्या पिल्लांवर तुटून पडतात. तेव्हा खोली विसरा, काठ बघा.

तुमच्या दारातलं रटलंड वॉटर तसं अवघड आहे. ३,००० एकरांहून मोठं, मधल्या हॅम्बल्टनच्या टेकाडाने दोन लांब हातांत विभागलेलं. सत्तरच्या दशकात धरण झालं तेव्हा नेदर हॅम्बल्टन गाव पाण्याखाली गेलं, आणि नॉर्मंटनचं चर्च आजही काठावर कमरेएवढं भरावात गाडलेलं उभं आहे. कोयनेच्या भागातल्या माणसाला ते बघून वेगळंच वाटेल. केंब्रिजशरमधल्या ग्रॅफमला जाल तेव्हा बूट, जाळी, ड्रोग सगळं तपासून, धुऊन, वाळवून आणा. २०१०मध्ये तिथे ‘किलर श्रिंप’ ही परकी कोळंबी सापडली, आणि आपल्या ओल्या सामानातून ती दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते.

एक सुटी मात्र स्पर्धेबाहेर काढा आणि सॉल्झबरी प्लेनमध्ये नेदरएव्हनला एव्हन नदी बघून या. सैन्यातल्या लोकांच्या मासेमारीच्या त्या पाण्याचा राखणदार होता फ्रँक सॉयर. १९८०मध्ये वारला, त्याच नदीकाठी. त्याची फेजंट टेल निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी माशी, दोनच वस्तूंची: फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि बारीक तांब्याची तार. धागासुद्धा नाही, तारच बांधते आणि तारच बुडवते. स्वतः बांधायची पहिली माशी हीच असू द्या. मेकॅनिक म्हणून सांगतो, एवढी साधी रचना क्वचित बघायला मिळते.

घरी आणलेल्या जलाशयी ट्राउटला कधीकधी मातकट वास येतो. हळद-मीठ लावून कोकमाच्या आगळात अर्धा तास ठेवा, मग रव्यात तळा. साताऱ्याकडे आगळ वापरत नसाल तर मी देईन.

राहिले आजोबा. कृष्णेवर त्यांनी सांगितलं असेल, ‘थांब, गिळू दे, मग ओढ.’ गांडुळाला ते बरोबर. इथे उलटं. पिसांना चव नसते, ट्राउट तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो, त्यामुळे दोरी थबकली की त्याच क्षणी हात उचलायचा. ही एक सवय मोडायला मला दोन मोसम लागले. बाकी पाण्याकडे बघत गप्प बसणं त्यांनी शिकवलं असेलच, ते आठही तास लागतं.