सहा एकर कोरडवाहू आणि आरक्षणाचा निकष

प्रश्न : आमची सहा एकर कोरडवाहू, कपाशी-तूर. आम्ही खुल्या प्रवर्गातले. मुलगी बारावीला आहे, पण ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं आरक्षण) मिळणार नाही म्हणतात. शेजारचे मास्तर अनुसूचित जातीचे, पगारदार; त्यांच्या मुलाला मात्र आरक्षण. अमेरिकेतही कोर्टाने वर्ण बघून प्रवेश देणं थांबवलं. मग आपल्याकडे जात सोडून फक्त गरिबी का बघत नाहीत?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गरिबी मोजायची कशाने, तिथेच घोडं अडतं. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी. बागायती की कोरडवाहू, हे नियम विचारतच नाही. कॅनॉलवरचा चार एकर ऊसवाला आत, पावसाच्या भरवशावरचे तुम्ही बाहेर! आमच्या मते हा निकषच लंगडा आहे.

तरी सातबारा नीट बघा. इथे कुटुंब म्हणजे मुलगी, आई-वडील आणि १८ वर्षांखालची भावंडं. आजोबा त्यात येत नाहीत, म्हणून त्यांच्या नावावरची जमीन धरायला नको. सातबारा सामाईक असेल तर तुमचा हिस्सा वेगळा दाखवा. दुसऱ्या गावची जमीन मात्र एकत्र मोजतात. आणि प्रमाणपत्र आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतं, तेव्हा १ एप्रिलनंतर नवं काढा.

दाखल्यावर ‘मराठा’ असेल तर ईडब्ल्यूएसच्या आधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची ‘कुणबी’ नोंद सापडली तर ओबीसीचा मार्ग उघडतो. अडचण अशी, की त्या नोंदीत बहुधा नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं, आडनाव नसतं. म्हणून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडून दुवा जुळवावा लागतो. जात पडताळणीत प्रकरणं इथेच लटकतात. ओबीसीला लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेअरच्या (म्हणजे सधन थरात नसल्याच्या) दाखल्यासाठीच्या उत्पन्नात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे सहा एकर आड येणार नाही.

आता मास्तर. पैशाच्या काही मदतीला उत्पन्न बघतात : अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे. जागेचं आरक्षण गरिबीवरचा इलाज म्हणून आलंच नाही. पगार सुरू झाला म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती आत येत नाही. त्याच वस्तीतल्या मजुराचा मुलगा मास्तरांच्या मुलामागे पडतो, हे खरं. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी तिथेही क्रिमिलेअर हवा असं म्हटलं. पण तसं झालं तरी ती जागा त्या मजुराच्या मुलाला जाईल, खुल्या प्रवर्गात येणार नाही.

अमेरिकेतला निकाल २९ जून २०२३ चा, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांबाबतचा. तिथे राखीव जागा १९७८ पासूनच बाद आहेत. आपल्याकडे १९५१ मध्ये घटनेतच मागासांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारं १५(४) हे कलम घातलं. तुलना जुळत नाही.

मुलीच्या फीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. उत्पन्नमर्यादा ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींची पूर्ण शिक्षण फी २०२४-२५ पासून माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी मिळत नाही.