बेळगावात गांजा विकणारी टोळी वाढते कशी आणि मोडते कशी?

पुड्या पोचवणाऱ्या पोरांच्या जिवावर ती वाढते आणि बहुतेकदा मोडतेही तिथूनच. बेळगाव कोर्टात मी अशी प्रकरणं लढवतो. म्होरक्या माल जवळ ठेवत नाही, महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द हाताशी असते. सापडतो कॉलेजातला पोरगा: खिशात वर्तमानपत्राच्या पुड्या, मोबाईलमध्ये उधारीचा सगळा हिशेब. त्यावरूनच पोलीस वर सरकतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात २० किलोच्या वर गांजा असेल तर किमान १० वर्षं शिक्षा, जामीन महाकठीण. कट सिद्ध झाला तर म्होरक्यालाही तेवढीच.

मात्र व्यसनात अडकलेल्या पोराकडे थोडाच माल सापडला आणि तो स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर याच कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. घरच्यांनी हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारावं.