नाव बदलले, म्हणून प्रणाली बदलावी का?

प्रश्न : आंबा बागायतदारांच्या पेट्यांचा आणि विक्रीच्या पट्ट्यांचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली मी ‘डॉटनेट फ्रेमवर्क ४.८’वर लिहिली आहे. आता सर्वत्र नुसते ‘डॉटनेट ८’ दिसते. ही त्याचीच पुढची आवृत्ती समजावी काय?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नाही, हा वेगळा मंच, म्हणजे प्रणाली लिहिण्याचा आणि चालवण्याचा मायक्रोसॉफ्टचाच वेगळा पाया आहे. विंडोजखेरीज लिनक्स आणि मॅकवरही चालणारा ‘डॉटनेट कोअर’ मायक्रोसॉफ्टने २०१६ साली आणला. त्यावरील वेबसाइट घडवण्याच्या साधनाला आधी ‘एएसपी डॉटनेट ५’ म्हणत. परंतु त्या आकड्यामुळे ते जुन्या ‘एएसपी डॉटनेट ४.६’ची सुधारित आवृत्ती वाटे, म्हणून त्याच वर्षी जानेवारीत ‘एएसपी डॉटनेट कोअर १.०’ हे नाव जाहीर झाले. हा बदल मला अत्यंत योग्य वाटतो, कारण नव्याने लिहिलेल्या साधनाने जुन्याचा क्रमांक पुढे चालवणे ही वापरणाऱ्यांची दिशाभूलच ठरली असती. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘डॉटनेट कोअर’ या मंचाच्याही नावातून ‘कोअर’ गळले आणि जुन्या फ्रेमवर्कच्या ४.x (४.६, ४.८ अशा) आवृत्त्यांशी गल्लत टाळण्यासाठी ३.१ नंतर थेट ‘डॉटनेट ५’ आले; ‘डॉटनेट ८’ हे त्याच्याच पुढचे. वेबसाइटच्या साधनाने मात्र ‘कोअर’ कायम ठेवले.

आपली ४.८ आवृत्ती विंडोजचा भाग असल्याने तिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात. प्रणाली ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये (संगणकावरच्या खिडक्या घडवण्याच्या साधनात) असेल, तर ती नव्या मंचावर नेता येते, पण चालेल विंडोजवरच. ‘वेब फॉर्म्स’ (वेबपाने घडवण्याचे जुने साधन) तेथे नाहीतच, त्यामुळे त्यात केलेले पडदे पुन्हा लिहावे लागतील. हे काम आंब्याच्या हंगामात मुळीच काढू नये.