हॉटेल व्हाउचर नाही म्हणून व्हिसाची फाइल परत? थोडं थांबा

म्युनिकला कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन तुम्ही दोघं साल्झबर्ग, स्लोव्हेनियातलं ब्लेड, बुडापेस्ट, प्राग करून परत म्युनिकला येणार आणि अर्ज केंद्राने 'हॉटेल व्हाउचर जोडा' म्हणत फाइल परत केली, हे वाचून माझाही जुना वैताग वर आला. लायसन्स, आंतरराष्ट्रीय परमिट, विमा यावर लिहीत नाही. ते तुम्ही केलंच असेल.

आमचं विमान म्युनिकचं होतं, पण बहुतेक रात्री ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे केला. खिडकीतल्या मुलाने कॅम्पिंगच्या कन्फर्मेशनचा कागद उलटसुलट केला, 'प्लॉट' (म्हणजे कॅम्पिंगवर गाडी लावायची जागा) या शब्दावर पिवळा हायलायटर ओढला आणि विचारलं, "मॅडम, तिकडे जमीन घेतलीय का?" गाडीतच झोपणार म्हटल्यावर तो शेजारच्याकडे बघून हसला. मग निर्णय दिला: विमान जर्मनीत उतरतंय, जर्मनीकडे जा. जर्मनीच्या खिडकीने रात्री मोजल्या आणि आम्हाला पुन्हा ऑस्ट्रियाकडे धाडलं. सीझनच्या गर्दीत पुढची अपॉइंटमेंट लवकर मिळेना. तिकिटांच्या तारखा बदलायचा भुर्दंड पडला, व्हॅनच्या आगाऊ रकमेतलेही पैसे गेले. शेवटी फाइल तीच, कागद तेच, फक्त खिडकीत दुसरी मुलगी होती. तिने निमूट घेतली आणि व्हिसा आला. याचा राग अजून जात नाही.

नियम खरं तर सरळ आहे. प्रवासाचा हेतू एकच असेल तर जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच निघाले तर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, जिथून आत शिरता तो देश. विमान कुठे उतरतं याचा संबंध एवढ्यापुरताच. शिवाय व्हिसा कोडच्या, म्हणजे शेंगेन व्हिसाच्या युरोपियन नियमावलीच्या, कलम 19 नुसार मुदतीत केलेला अर्ज दाखल करून घ्यायला पासपोर्ट, भरलेला फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे आणि फी पुरते. राहण्याचा पुरावा हे आधाराचं कागदपत्र. ते अपुरं वाटलं तर वकिलात आणखी मागेल किंवा नकारही देईल, पण ठरवणार ती. केंद्राचं काम कागद गोळा करून पुढे पाठवायचं. म्हणून 'कागद अपूर्ण' असं लिहून सही मागितली तर बेधडक सही करा, पण फाइल परत घेऊ नका. (मी एजंट नाही, वकील तर नाहीच. नियम बदलतात, वकिलातीच्या साइटवर एकदा बघून घ्या.)

फाइलमध्ये एका पानाचा तक्ता लावा: तारीख, देश, रात्रीचा मुक्काम, आणि खाली देशवार रात्रींची बेरीज. ही बेरीज ठळक करा, सगळा घोळ तिथेच होतो. सोबत व्हॅनचा करार, त्यात दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून आणि कुठल्या देशांत गाडी न्यायला परवानगी आहे ते. कॅम्पिंगची बुकिंग फुकट रद्द करता येणारी घ्या, पण खरी घ्या. एजंट हजार-दोन हजारांत खोटी हॉटेल व्हाउचर देतात. त्या वाटेला जाऊ नका, वकिलात फोन करून विचारू शकते. आणि कव्हरिंग लेटरमध्ये 'वाटेल तिथे गाडी लावून झोपू' असलं रोमँटिक काही लिहू नका. स्लोव्हेनियात तसं चालत नाही, ऑस्ट्रियातही बहुतेक ठिकाणी दंड बसतो. जर्मनीत थकवा घालवायला पार्किंगमध्ये एक रात्र काढलेली चालते, पण बाहेर खुर्च्या मांडल्यात की ते कॅम्पिंग झालं.

आता न विचारलेला सल्ला. बुडापेस्टला व्हॅन नेऊ नका. व्हिएन्नाच्या कॅम्पिंगवर ती उभी करा आणि रेल्वेने जा, अडीच-पावणेतीन तास लागतात. शहरात तसली गाडी म्हणजे नुसता डोक्याला ताप. तरीही न्यायचीच असेल तर हंगेरीच्या ई-विन्येटला (हायवेचा ऑनलाइन काढायचा टोल-पास) कॅम्परसाठी डी2 वर्ग निवडा. साध्या कारचा डी1 स्वस्त दिसतो म्हणून लोक तो घेतात आणि मग दंडाची नोटीस घरी येते.

विन्येट घरूनच काढून ठेवायची घाई नको, गाडीचा नंबर हातात आल्यावरच काढा. तिथे देश विचारतात तो गाडीच्या नोंदणीचा, म्हणून भारत नाही, जर्मनी निवडायचं. आणि व्हॅन 3.5 टनांच्या आतली घ्या. त्यावर गेलात की ऑस्ट्रियात विन्येट चालत नाही, किलोमीटरवर टोल मोजणारी वेगळी पेटी बसवावी लागते.